न दिसणारं रक्त

२०२० च्या जून महिन्यात आमच्या लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि चार-आठ दिवसांत ती बातमी जगभर गेली. टाळेबंदीचे दिवस होते, बाहेरगावचं कुणी येऊ शकत नव्हतं, तरी टीव्हीवर आणि मोबाईलवर जिकडे तिकडे आमचं तळं. वन खात्याने पाण्याचे नमुने नेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले आणि सांगितलं, की मिठाच्या पाण्यात वाढणारे अतिसूक्ष्म जीव फोफावलेत, त्यांच्या अंगच्या रंगाने पाणी गुलाबी दिसतंय. पावसाळा सुरू झाल्यावर रंग उतरला.

वरचा रंग बदलला, म्हणजे आत काहीतरी घडलं असणार, हे त्या वेळी सगळ्यांनाच पटलं. आमच्या घरात मात्र रंग बघण्याची सवय त्याआधी चार वर्षांपासून लागली होती. तो रंग तळ्याच्या पाण्याचा नव्हता. माझ्या भाच्याच्या शौचाचा होता. साहित्याच्या अंकात हा कसला विषय, असं कुणाला वाटेल. पण ज्या घरात हिमोफिलियाचं पोर आहे, त्या घराला हा विषय चारचौघांत बोलण्याजोगाच आहे. न बोलल्याने काय होतं ते आमच्या घराने एकदा भोगलेलं आहे.

हिमोफिलिया म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. आपल्याला जखम झाली, की रक्त थोडा वेळ वाहतं आणि गोठतं. हे गोठणं एका झटक्यात होत नाही. रक्तातले दहा-बारा घटक एकामागून एक जागे होतात, साखळीने काम करतात, तेव्हा जखमेवर जाळी बसते. या घटकांना डॉक्टर फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आठव्या क्रमांकाचा फॅक्टर जन्मतः कमी असेल तर तो हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. दर पाच हजार मुलग्यांमागे सुमारे एकाला ए असतो, बी त्याहून बराच विरळ. रक्तात हा फॅक्टर एक टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र समजतात. अशा पोराला मार लागायचीही गरज नसते, नुसत्या चालण्या-खेळण्यानेही गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरतं. लोकांना वाटतं, की या मुलांना ओरखडा आला तरी ती रक्त जाऊन मरतात. तसं नाही. ओरखड्याचं रक्त बहुधा दाबून धरलं की थांबतं. जीव घेतो तो आतला रक्तस्राव. डोक्यातला, घशा-मानेतला आणि पोटातला.

पोटातला रक्तस्राव सांध्यांतल्यापेक्षा खूपच कमी वेळा होतो. म्हणूनच तो लक्षात येत नाही. गुडघा सुजला तर आईला दिसतो, पोर लंगडतं, रडतं. आतड्यात रक्त झिरपत असलं तर पोर खेळत असतं, जेवत असतं, फक्त रोज थोडं थोडं फिकं पडत जातं.

माझा थोरला भाऊ १९७१ साली गेला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, तो अकरा. लोणार त्या काळी लहानसंच गाव. मोठ्या दवाखान्याला जायचं तर एस.टी.ने मेहकर नाहीतर जालना. भाईजानचा एक गुडघा कायम वाकडा होता, तो उडी मारत चालायचा, आणि मोहल्ल्यातली पोरं त्याला त्यावरून नाव ठेवायची. त्याचं दुखणं कुणी संधिवात म्हणायचं, कुणी हवा लागली म्हणायचं. अब्बांनी हकीम केले, वैद्य केले, दर्ग्यावर नेलं, ताईत बांधले. त्याच्या शेवटच्या आठवड्यातलं मला एवढंच आठवतं, की तो ओट्यावर गोधडी घेऊन बसलेला असायचा आणि त्याचे ओठ पांढरे होते. मग एके दिवशी त्याने ओकारी केली. ती चहाच्या चोथ्यासारखी होती. रात्री तो गेला. घरात सांगितलं गेलं, की नजर लागली. पुढे कुणी विचारलं तर अम्मी म्हणायची, 'पेट का कुछ था.' त्यापुढे ती बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू.

अडतीस वर्षांनी, २००९ मध्ये, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची सुन्नत झाली. मूल वर्षाचं होतं. घरात पाहुणे, मिठाई, नवे कपडे. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं नाही. पट्टी बदलली, पुन्हा भिजली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी करून औरंगाबाद गाठलं. तिथल्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न बहिणीला विचारला, 'तुमच्याकडे, म्हणजे माहेरी, कुणी मुलगा असा गेला होता का?' बहिणीला काहीच माहीत नव्हतं, ती भाईजानच्या मृत्यूनंतर जन्मलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अम्मीकडे पाहिलं. अम्मी भिंतीकडे पाहत होती.

पुढे तपासणीसाठी मुंबईला गेलो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र सरकारची संस्था आहे. रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांवर तिथे अनेक वर्षं काम चाललेलं आहे. निदान पक्कं झालं, हिमोफिलिया ए, तीव्र.

सुन्नतीतून हा आजार उघडा पडणं ही काही नवी गोष्ट नाही. दुसऱ्या शतकातल्या यहुदी धर्मपंडितांनी निर्णय दिलेला आहे, की एका आईची दोन मुलं सुन्नतीत रक्त जाऊन दगावली असतील, तर तिसऱ्याची करू नये. आणि आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, या आजाराच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावी यांची आहे. स्पेनमधले हे शल्यवैद्य १०१३ च्या सुमारास वारले. 'अत्-तस्रीफ' या त्यांच्या तीस भागांच्या ग्रंथात त्यांनी एका गावाबद्दल लिहिलं आहे. तिथल्या पुरुषांना जखम झाली की रक्त थांबत नसे आणि ते मरत, लहान मुलाची हिरडी जोराने चोळली तरी रक्त वाहत राही. असं त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं आणि कारणही त्यांना ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी ते लिहून ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, की हजार वर्षांपूर्वीच्या एका हकीमाने न कळलेली गोष्टही लिहून ठेवावी, आणि आपण आपल्या घरात घडलेलीसुद्धा सांगू नये?

आता सुन्नत करूच नये का, असं लोक विचारतात. निदान झालेलं असेल, फॅक्टर हाताशी असेल आणि या आजाराची माहिती असलेल्या रुग्णालयात केली, तर ती सुरक्षितपणे होते. घरी बोलावलेल्या माणसाच्या हातून मात्र नको. आणि मामा, मावसभाऊ, आजोळचं कुणी असं रक्त जाऊन गेलेलं असेल, तर आधी रक्त तपासून घ्यावं. बऱ्याच वेळा ती एक तपासणी जीव वाचवते. अर्थात सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, तो त्यांच्यातच नव्याने उपजतो. म्हणून 'आमच्यात तसं काही नाही' एवढ्यावर विसंबून चालत नाही.

निदानानंतर घरात दुसरीच कुरबूर सुरू झाली. मेव्हण्यांच्या नातलगांतून बोलणं आलं, की मुलीकडूनच दोष आला. कुणी म्हणालं, चुलत-मामे घरात लग्नं करता म्हणून हे होतं. दोन्हींचा नीट विचार केला पाहिजे. हा आजार आईकडून मुलाला येतो हे खरं, कारण त्या फॅक्टरची कृती ज्या एक्स नावाच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, ते मुलाला आईकडूनच मिळतं. आईकडे अशी दोन गुणसूत्रं असतात, एक बिघडलेलं, एक धड. यांतलं कोणतं मुलाला मिळेल हे नाणं उडवण्यासारखं आहे. दर खेपेला निम्मी शक्यता. भाईजानला बिघडलेलं मिळालं, मला धड मिळालं. माझ्या बहिणीला बिघडलेलं मिळालं आणि तिने ते नकळत पुढे दिलं. यात तिचा गुन्हा कोणता? ती इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया असती तरी हेच झालं असतं, आणि झालंही होतं. राणीचा मुलगा लिओपोल्ड आणि रशियाच्या झारचा मुलगा, म्हणजे तिचा पणतू अलेक्सी, दोघांनाही हिमोफिलिया होता. आणि नात्यातल्या लग्नाचं म्हणाल, तर रक्ताचे काही आजार त्याने वाढतात, पण हिमोफिलिया मुलाला होण्यासाठी आई-बाप नात्यातले असावे लागत नाहीत. माझी बहीण आणि मेव्हणे यांचं लग्नाआधी काहीही नातं नव्हतं. नातलगांना हे सांगून झालं. काहींना पटलं, काहींना नाही.

अम्मी या सगळ्यात गप्प होती. ती बोलली २०१६ च्या हिवाळ्यात.

भाचा तेव्हा आठ वर्षांचा होता. घोटा सुजला म्हणून त्याला कुणीतरी एका दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या. दवाखान्याचं नाव घेण्यात काही अर्थ नाही, अशा गोळ्या गावोगावी कुठेही मिळतात. या आजारात हाच मोठा धोका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या दोन्हीकडून मारतात. एक तर जठराचं आतलं अस्तर सोलतात. दुसरं म्हणजे रक्तातल्या ज्या बारीक पेशी जखमेवर पहिला बांध घालतात, त्या प्लेटलेट्सना निकामी करतात. अ‍ॅस्पिरिनने तर त्या पेशी उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात-दहा दिवस, कामातून जातात. फॅक्टर मुळातच नाही, वरून पहिला बांधही गेला. अशा मुलाला वेदनेसाठी साधी पॅरासिटामॉलच द्यायची असते आणि तीही डॉक्टरांना विचारून. पण बाजारात पॅरासिटामॉलबरोबर दुसरं औषध मिसळलेल्या गोळ्याही असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचावं लागतं.

चार-पाच दिवस गेले. घोटा उतरला, सगळ्यांना बरं वाटलं. पोर शाळेत जात होतं, फक्त जिना चढताना धापा टाकत होतं. शौचाला काळं होतंय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याने ते सांगितलं नाही. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर होतं, सांगितलं तर सुई टोचतील आणि नाचात घेणार नाहीत, हा त्याचा हिशेब. आठ वर्षांच्या पोराचा हिशेब तसाच असणार.

एका पहाटे अम्मी संडासातून बाहेर आली. पाणी नीट न टाकता पोर निघून गेलं होतं. तिने बहिणीला हाक मारली, मला निरोप पाठवला, आणि मी पोचलो तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, 'इसका पखाना डांबर के सरीका काला है. मेरे बडे का भी ऐसाच था. आठ दिन था. मैं किसी को नहीं बोली. किसको बोलती?'

पंचेचाळीस वर्षांत भाईजानबद्दल तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. १९७१ सालात एका सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाईने मुलाचा पखाना काळा आहे, हे कुणाला सांगायचं होतं? अब्बा कामावर, सासू म्हणणार जंत झालेत. तिने ते पोटात ठेवलं. पण रंग ती विसरली नाही, वास विसरली नाही. आमच्या घरात शिकलेली माणसं होती, फाइल होती, मुंबईचे कागद होते. ओळखलं मात्र तिने.

तिने ओळखलं ते काय होतं, ते सांगतो. जठरात किंवा आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्त आलं, की जठरातलं आम्ल आणि आतड्यातले जंतू त्याला पचवतात. लाल रक्त बाहेर पडेपर्यंत डांबरासारखं काळं, चिकट, चकचकीत होतं आणि त्याला एक उग्र, सडका वास येतो. शौच असं काळं व्हायला साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त पुरतं, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. लोहाची गोळी किंवा पातळ औषध चालू असलं तरी शौच काळपट होतं, पण ते चिकट नसतं आणि तो वास नसतो. नाकाचा घोळणा फुटून किंवा दात पडताना गिळलेलं रक्तही काळं होऊन बाहेर येतं. आतड्याच्या खालच्या भागातून रक्त आलं तर ते लाल किंवा तपकिरी-लाल दिसतं. ओकारीत आलं तर चहाच्या चोथ्यासारखं. कधी कधी रक्त बाहेर येतच नाही, आतड्याच्या भिंतीतच साचतं. पोट फुगतं, कळा येतात आणि आतड्यातली वाट बंद होते. कधी कमरेच्या आतल्या स्नायूत उतरतं, मग पोर उजवी मांडी पोटाशी घेऊन पडतं आणि बघणाऱ्याला अपेंडिक्स वाटतं. अशा वेळी फॅक्टर न देता पोट उघडलं, तर काय होईल ते सांगायला नको.

आम्ही लगेच निघालो. शेजारच्यांची जीप होती. सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना, पुढे औरंगाबाद, सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत पोराला ग्लानी यायला लागली म्हणून एका दवाखान्यात थांबलो. तिथे मांडीत इंजेक्शन देण्याची तयारी झाली. बहिणीने पोराच्या अंगावर हात आडवा धरला. म्हणाली, 'मांडीत सुई नाही. शिरेत द्या. आणि आधी फॅक्टर, मग बाकी सगळं.' माझी बहीण दहावी नापास आहे. ती त्या दिवशी ज्या आवाजात बोलली, तो मी आधी ऐकला नव्हता. तिथे फॅक्टर नव्हता. त्यांनी शिरेतून सलाईन लावलं आणि आम्हाला पुढे पाठवलं.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन पाचच्या खाली होतं. वजन २२ किलो. एवढ्या मुलाच्या अंगात सारं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. किलोमागे एक युनिट दिलं, की आठव्या फॅक्टरची पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. पोटातल्या रक्तस्रावात ती शक्य तिथे ८० ते १०० टक्क्यांवर न्यावी लागते, म्हणजे एका वेळेला हजार-अकराशे युनिट. आणि एकदा देऊन भागत नाही. आठ ते बारा तासांत त्यातला निम्मा फॅक्टर संपतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा देत राहायचा, आठवडा ते दोन आठवडे. डॉक्टरांनी फॅक्टर दिला, रक्त दिलं, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड दिलं. त्याने धरलेली गुठळी लवकर विरघळत नाही. रक्त देणाऱ्यांत माझ्या शाळेतले दोन सहकारी गुरुजी होते, ते लोणारहून मोटारसायकलवर आले होते. पातळी वर आल्यावर दुर्बीण घालून पाहिलं. जठर संपून लहान आतडं सुरू होतं, तिथे जखम होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही सापडला. जठराच्या जखमांमागे हा जंतू असतो हे ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन या दोघांनी दाखवून दिलं, त्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. दोन आठवड्यांच्या औषधांनी तो जंतू गेला. आधी जंतूने पोखरलेली जागा होती, गोळ्यांनी ती फाडली आणि फॅक्टर नव्हता म्हणून ती शिवली गेली नाही.

अकरा दिवसांनी पोर घरी आलं. स्नेहसंमेलन होऊन गेलं होतं.

१९७१ आणि २०१६ यांच्यात काय फरक होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भाईजानच्या वेळीही जगात इलाज होता. गोठवलेल्या प्लाझ्मातून आठवा फॅक्टर वेगळा काढण्याची सोपी रीत अमेरिकेत ज्युडिथ पूल या बाईंनी १९६४ सालीच शोधली होती. ती लोणारच्या ओट्यापर्यंत पोचली नाही, एवढंच. आपल्या देशात १९८३ मध्ये अशोक वर्मा यांनी हिमोफिलिया फेडरेशन उभी केली. ते स्वतः या आजाराचे रुग्ण होते. पुढे शहरोशहरी तिच्या शाखा झाल्या, आई-बापांनी सरकारदरबारी खेटे घातले. त्यातून फॅक्टर सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागला. २०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने अमरावती, नाशिक, सातारा, ठाणे अशा ठिकाणी या मुलांसाठी केंद्रं उघडली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्ही आजारांना दिव्यांगत्व म्हणून जागा मिळाली. नोकरीतल्या आरक्षणात मात्र या तिघांना घेतलेलं नाही, ते मागणं अजून बाकीच आहे. रक्तस्राव होण्याआधीच ठरावीक दिवसांनी फॅक्टर देत राहायचं, ही रीत आता आपल्याकडेही रुजते आहे. एमिसिझुमॅब नावाचं नवं औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झालं. ते कातडीखाली टोचतात आणि आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने एकदा घ्यावं लागतं. ते फक्त हिमोफिलिया ए साठी आहे आणि रक्तस्राव टाळण्यासाठी आहे, सुरू झालेला थांबवण्यासाठी नाही. किंमत अजून फार आहे. समृद्धी महामार्ग आता मेहकरजवळून जातो, त्यामुळे मोठ्या शहराची वाट जवळ झाली आहे. हे सगळं खरं. पण यातलं काहीही कामाला लागण्याआधी कुणीतरी संडासात डोकावून रंग बघावा लागतो आणि बाहेर येऊन तो सांगावा लागतो.

अम्मी २०१९ मध्ये गेली. तिच्या शेवटच्या वर्षांत ती भाईजानबद्दल भरभरून बोलायची. तो गोड गायचा, त्याला सीताफळ आवडायचं, तो उडी मारत चालायचा तेव्हा ती तोंड फिरवून घ्यायची. आणखी एक गोष्ट तिने बहिणीला सांगितली, की प्रत्येक बाळंतपणानंतर तिला दोन-दोन महिने रक्त जायचं. तेव्हा तेही कुणाला सांगायचं नसतं. डॉक्टर आता म्हणतात, की आजार पुढे नेणाऱ्या स्त्रियांपैकी काहींच्या स्वतःच्या रक्तातही फॅक्टर कमी असतो, त्यांनाही पाळीत आणि बाळंतपणात जास्त रक्त जातं. त्यांचीही पातळी तपासली पाहिजे.

भाच्याची मोठी बहीण वीस वर्षांची झाली, तेव्हा तिने स्वतःहून तपासणी करून घेतली. तिच्यातही ते गुणसूत्र आहे. घरात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली. मेव्हणे भले माणूस, पण बाप आहेत. म्हणाले, 'रिश्ते के टाइम पे ये बात काढायची नाही. नंतर बघू.' पोरगी म्हणाली, 'अब्बा, नानी ने छुपाया तो मामू गए. मैं नहीं छुपाऊंगी.' पहिलं स्थळ आलं, त्यांना तिने चहाच्या वेळीच सांगितलं. ते 'सोच के बताते' म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. मेव्हणे आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुसरं स्थळ देऊळगावकडचं आहे. मुलाच्या आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बच्चा होने के पहले पता चलता क्या?' चलता, असं पोरीने सांगितलं. गरोदरपणात तपासता येतं, आणि नाही तपासलं तरी बाळ जन्मल्याबरोबर कळतं, मग सुन्नतीत किंवा दुखण्याच्या गोळीत कळण्याची वेळ येत नाही. मुलगा म्हणाला, मी डॉक्टरांना भेटतो. भेटून आला. बोलणी चालू आहेत, काय होईल ते अल्लाहला ठाऊक. पण झाकून ठेवून जे नातं जुळलं असतं, ते पहिल्याच नातवाच्या सुन्नतीत फाटलं असतं, हे मेव्हण्यांनाही आता पटलं आहे.

भाचा यंदा बारावीत आहे. फॅक्टर शिरेत कसा घ्यायचा हे तो स्वतः शिकला. फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी त्याच्या बाटल्या असतात आणि फ्रिजवर त्याच्या आईने कागद चिकटवलाय: मांडीत सुई नाही, अ‍ॅस्पिरिन नाही, आधी फॅक्टर. रमजानमध्ये त्याने एकदा सगळे रोजे धरण्याचा हट्ट केला, तेव्हा डॉक्टरांना विचारलं आणि मशिदीतल्या मौलानांनाही. आजाऱ्याला सूट आहे, हे दोघांनीही सांगितलं. दुर्बिणीत दिसलेली जखम भरून आली आहे, तरी तो ते मनाला लावून घेतो.

अम्मीने घालून दिलेला नियम घरात अजून पाळला जातो. पाहुणे असोत, जेवणं चालू असोत, रंग सांगितल्याशिवाय त्याला सुटका नाही. परवा माझ्याकडे शाळेतले जुने सहकारी आले होते. भाचा कॉलेजला निघाला होता. दारातून मागे वळून तो ओरडला, 'मामू, आज पीला!' आणि सायकलवर टांग मारून गेला. सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना चहा ओतला आणि सगळं सांगायला बसलो.